सुनीताचं गाव

"तात्या, एकदाचं सांगून टाका. मेल का बोर्ड?"

उन्मेषदादानं विचारलं. मीच विचारणार होतो, पण त्यानं आधी तोंड उघडलं. पुण्याच्या माणसाला थांबवत नाही.

तात्या संबळाच्या दोऱ्या ओढत बसले.

सोपानतात्या पाचंगे म्हणजे आमच्या भागातले सगळ्यात जुने गोंधळी. माळावर देवीचं ठाणं आहे, तिथंच राहतात. आम्ही दोघं त्यांचे चेले. उन्मेषदादा कॉम्प्युटरवाला, रविवारी गाडी घेऊन येतो. मी भैरू, रोज चालत येतो. शाळेचं आणि माझं नववीत फाटलं, तेव्हापासून वेळच वेळ आहे.

भांडण असं होतं.

तात्यांच्या आजाची एक चाल आहे. संबळावरची. ती आता अख्खी फक्त तात्यांना येते, बाकीच्या जुन्या संबळवाल्यांकडं नुसते तुकडे. आणि तात्यांचा डावा हात आखडत चाललाय. डॉक्टर म्हणाला, जितकं वाजवायचंय तितकं लवकर वाजवून घ्या.

मी म्हणालो होतो, मला शिकवा.

उन्मेषदादा म्हणाला होता, मला शिकवा.

तात्या म्हणाले, "ती एकट्याला देता येत न्हाई. एकानं टाकायची, दुसऱ्यानं उचलायची, तिसऱ्यानं पुढं न्यायची. संबळवाले गोळा करा, मग देतो. न्हाईतर माझ्यासंगं जाईल."

आता संबळवाले आहेत कुठं? कोण वैरागला, कोण भूमला, एक तर दुबईला. एका जागी यायचे कसे? मोबाइलवरच.

तर उन्मेषदादानं मेलची यादी केली. तो एक मेल टाकतो, सगळ्यांच्या घरी पोचतो. मी बोर्ड केला. म्हणजे इंटरनेटवर एक जागा. ज्याला यायचं त्यानं यावं, लिहावं, वाजवून टाकावं, बाकीच्यांनी ऐकावं. फुकटात होतो, मी एका दुपारी केला.

"मेल बरा, तात्या," उन्मेषदादा म्हणाला. "माणसाच्या हातात नेऊन देतो. त्याला कुठं जावं लागत नाही."

"आणि तो उघडतो का?" मी म्हणालो. "परवा एकानं सगळ्यांना लिहिलं, 'मला यातून काढा.' ते सगळ्यांना गेलं. मग दुसऱ्यानं सगळ्यांना लिहिलं, 'मलाही.' आता यादीत नुसतं मलाही, मलाही चाललंय. संबळाचं नावच न्हाई."

"तो पहिला मेल कुठून आला, मला माहिती आहे, भैरू."

"पुरावा आहे का?"

तात्यांनी दोरी ताणली. काडीनं एकदा टिचकी मारली. कान लावला.

"आणि बोर्ड?" ते म्हणाले.

माझी छाती फुगली. "बोर्ड लय भारी चाललाय, तात्या. रोज गर्दी. संबळ किंग आहे, जय मल्हार आहे, माळावरचा वाघ आहे. आणि सुनीता. सुनीताचं तर डोकं काय चालतं म्हणता!"

"सुनीताताईंचे विचार चांगले आहेत," उन्मेषदादा गंभीरपणे म्हणाला. "मतभेद आहेत आमचे. पण मी त्यांना सविस्तर उत्तरं देतो."

मी खोकलो.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पाट पुढं सरकवला. त्यावर कापड अंथरलं, तांदळाचा चौक मांडला, विड्याची पानं मांडली, सुपाऱ्या ठेवल्या. अगदी गोंधळाला मांडतात तसा. भर दुपारी.

"उन्मेष. बोलीव आता."

"कोणाला?"

"देवांस्नी. गोंधळाला आधी देव येतेत. ठाऊक न्हाई का?"

उन्मेषदादानं हात जोडले. घसा साफ केला.

"सर्व देवदेवतांना नम्र विनंती… कृपया सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावं."

मी लोळलो. खरंच लोळलो. पोट धरून मातीत.

तात्या हसले नाहीत.

"असं कुठला देव येईल, बाबा? गावचं नाव घ्यायचं, देवाचं नाव घ्यायचं, मग ये म्हणायचं. एकेकाला. सगळे या म्हटलं की कुणीच येत न्हाई."

उन्मेषदादानं जोडलेले हात खाली घेतले.

मी अंग झटकून उठलो. "बघ! मी काय म्हणत होतो? मेल गेला खड्ड्यात."

"भैरू," तात्या म्हणाले. "तुझा बोर्ड म्हंजे ह्यो चौक. बरोबर?"

"बरोबर!"

"मांडून ठेवलाय."

"मग!"

"गर्दी आहे."

"लय!"

तात्यांनी संबळ कमरेला बांधला. काड्या हातात घेतल्या. डोळे मिटले.

"मग मी हाक मारतो. त्या सुनीताला. तिचं गाव कुठलं?"

"गाव सांग की. गावाशिवाय हाक कशी मारू?"

माळावर वारा होता. एक शेळी ओरडली.

"आणि त्या वाघाचं?"

मी त्या शेळीकडं बघितलं.

"किंगचं?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतो. उन्मेषदादा माझ्याकडं बघत होता. आधी साधंच. मग त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"भैरू… सुनीताताई…?"

"दादा, तुझी उत्तरं लय छान असायची. मी सगळी वाचली."

"मी तिला तीन पानांचं…"

"शेवटचं पान तर लय आवडलं."

त्यानं चप्पल काढली. मी पिंपळामागं गेलो.

"गप बसा दोघं!"

तात्यांनी असा आवाज आजवर कधी काढला नव्हता. आम्ही जिथं होतो तिथंच बसलो. दादाच्या हातात चप्पल तशीच.

तात्यांचा डावा हात आखडला होता. त्यांनी तो उजव्या हातानं चोळून मोकळा केला.

मग त्यांनी संबळावर काडी टाकली आणि हाका मारायला लागले. देवांना नाही.

"वैरागच्या दगडूबा, म्हशीची धार काढून झाली की ये. घाई नको, पण ये."

काडी पडली.

"परांड्याच्या मारुती, आपलं भांडण मिटलेलं न्हाई. मिटवायचं बी न्हाई. तरी ये."

काडी पडली.

"भूमच्या कौसल्ये, नवऱ्याच्या मागं संबळ तू कमरेला बांधलास, लोक हसले, तू वाजवत ऱ्हायलीस. तू आधी ये."

"दुबईच्या नामदेवा, क्रेनवरनं उतर आणि ये."

उन्मेषदादानं चप्पल टाकली. खिशातनं फोन काढला. म्हातारा बोलतोय ते जसंच्या तसं टिपायला लागला. म्हशीसकट. भांडणासकट.

"तात्या, हळू!" तो ओरडला. "मेलच्या यादीतला हा डी. जी. सत्तर कोण असेल?"

"दगडूबा. त्याच्या पोराचा फोन त्यो."

"आणि जय परांडा?"

"मारुतीच. दुसरं कोण एवढं मोठं नाव लावतंय?"

मेल गेले. एकेकाला एकेक. प्रत्येकात त्याची त्याची हाक, आणि खाली माझ्या बोर्डाचा पत्ता.

मी पण माझं काम केलं. संबळ किंग काढला, मल्हार काढला, वाघ काढला. सुनीताला काढताना दादा म्हणाला, "थांब जरा." मग म्हणाला, "काढ."

बोर्ड पुसल्यासारखा झाला. एक माणूस नाही. इतका रिकामा की मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या अंघोळ करून बसले. कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. उन्मेषदादा रजा टाकून थांबला होता. मी फोन विटेवर टेकवला.

तात्यांनी चालीचा पहिला तुकडा टाकला.

काय सांगू! बारका संबळ टणटण बोलतोय, मोठा खालनं घुमतोय, आणि मधेच चाल अशी वळते की वाटतं म्हातारा आता पडला. आणि पडत नाही. पण तुकड्याच्या शेवटी डावा हात अडकला. जिथं अडकला तिथंच तात्या थांबले.

"टाक त्या चौकात," ते म्हणाले.

मी टाकलं.

आम्ही बसलो. चहा झाला. उन्मेषदादा फोन खाली ठेवायचा, परत उचलायचा.

"येतील का, तात्या?"

तात्या सुपारी कातरत होते.

"न्हाई आले तर?" मी विचारलं. म्हाताऱ्याचा हात चाललाय आणि चाल त्याच्याबरोबर चाललीय, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

तात्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. एवढंच.

आणि फोन वाजला.

बोर्डावर भूमची कौसल्या! चुलीपुढं उभी, पदर खोचलेला, कमरेला संबळ. तात्या जिथं अडकले बरोबर तिथनं तिनं उचललं. तिनं चाल वळवली, पुढच्या तुकड्यात नेली आणि सोडली.

"आली!" उन्मेषदादा उडालाच.

मग परांड्याचा मारुती. आधी तोंड, मग वाजवणं. "सोपाना, म्हाताऱ्या, हात जड झाला व्हय तुझा? हे घे, अशी वाजवतेत!" आणि काय वाजवली त्यानं! शिव्या द्याव्यात इतकी चांगली.

मग दगडूबा. मागं म्हैस. दगडूबाचं संपता संपता दुबई. पिवळं हेल्मेट घातलेला नामदेव, संबळ न्हाई जवळ, तर दोन पत्र्याचे डबे आणि नट आवळायचे दोन पाने. चाल मात्र तीच. एक ठोका इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई.

मग ज्यांना आम्ही बोलावलंच नव्हतं ते. कौसल्येनं तिच्या भावाला हाक मारली होती, मारुतीनं तुळजापूरच्या साडूला. जो येईल तो आधीच्यानं सोडलेलं टोक धरायचा. बोर्ड भरत चालला. माझा बोर्ड! खऱ्या माणसांनी!

मी शिट्ट्या मारल्या. उन्मेषदादा पँट वर करून ठाण्यापुढं नाचला. पुण्याचा माणूस इतका वाईट नाचतो हे मला माहीत नव्हतं. नाचता नाचता त्यानं मला उचललं आणि ओरडला, "कोण जिंकलं रे? मेल का बोर्ड?"

"विचार की तात्यांना!"

आम्ही वळलो.

तात्यांनी संबळ कमरेचा सोडून बाजूला ठेवला होता. काड्या पाटावर. दोन्ही हात मांडीवर, उघडे. डोळे मिटलेले. विटेवरच्या फोनमधनं चाल तशीच पुढं चालली होती, कुठल्या तरी गावातनं.

मी जवळ गेलो.

"तात्या… थांबलात का हो?"

तात्यांनी एक डोळा उघडला.

"मी कुठं थांबलो?"