थवेमायची पेज

फार वर्षांपूर्वी, जगात मोठी लढाई पेटली होती तेव्हाची ही गोष्ट. कोकणातल्या शेवरेबंदरच्या दर्यावर्दी गाबितांच्या वाड्यातला धाकू तांडेल बॉम्बफेकी विमानात बंदूक चालवायचा. समुद्राच्या पोराला आभाळही मानवलं होतं. पण एके दिवशी ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकून परतताना जपानी तोफेनं विमान टिपलं. वैमानिक जागीच गेला. धाकूनं हवाई छत्री घेऊन उडी मारली आणि फाटक्या मांडीनिशी एका खाडीकाठी बांबूच्या बेटात येऊन पडला.

त्या खाडीवर मा थवे नावाची विधवा तरीची नाव चालवायची, माणसं पैलतीरी न्यायची. तिला मूलबाळ नव्हतं. तिनं नावही न विचारता धाकूची मांडी करकचून बांधली, त्याला ऊन पेज पाजली नि आपल्या झोपडीत ठेवलं. गावाला कळलंच. गाव गप्प राहिलं.

जखम भरत आली, तोच जपानी शिपाई आले. दुभाष्या ओरडला, "विमानातला माणूस ज्या गावात सापडेल, ते गाव जाळू!"

धाकूनं हात जोडले. शिपाईगिरीत शिकलेल्या हिंदुस्तानीत तो म्हणाला, "माय, मला देऊन टाक. गाव वाचेल."

मा थवेला व्यापाऱ्यांमुळे ती भाषा थोडी यायची. तिनं विचारलं, "वल्हवता येतं?"

"चालायच्या आधीपासून."

"मग लुंगी नेस आणि तोंड मीट."

शिपायांना पलीकडचा काठ धुंडाळायचा होता. भर दुपारी मा थवेनं त्यांना आपल्याच नावेत बसवलं, आणि वल्ह्यावर धाकू! मधोमध येताच मांडीची जखम उसवली. रक्ताचा ओघळ अंमलदाराच्या बुटांकडे निघाला. धाकूला दिसला, मा थवेला दिसला. वल्हं थांबलं नाही.

असं म्हणतात, भरतीला अजून अवकाश होता, तरी समुद्राकडून एक लाट धावत आली, नावेत शिरली, रक्त धुऊन घेऊन गेली. आणि नाव तसूभरही कलली नाही.

काठाला लागताच अंमलदारानं तिथल्या म्हाताऱ्या मुखियाला विचारलं, "हा वल्हवणारा कोण?"

मुखियाच्या पाठीमागे त्याच्या नातवंडांच्या झोपड्या होत्या. तो म्हणाला, "हिचा मुलगा. जन्माचा मुका." सगळ्या काठानं माना डोलावल्या.

पुढे मा थवेनंच आडवाटेच्या खाड्यांतून त्याला त्याच्या फौजेपर्यंत पोचवलं. धाकू घरी आला. आईनं सगळं ऐकलं नि ती म्हणाली, "तिना माझ्या झिलाक आपलो झील मानल्यान. म्हणजे ती माझी भैण."

तेव्हापासून शेवरेबंदरात परका माणूस किनाऱ्याला लागला, की आधी त्याला ऊन पेज देतात, मग नाव विचारतात. तिला म्हणतात थवेमायची पेज. मागे वादळात एक दूरची बोट फुटली. आलेल्या खलाशांची भाषा कुणालाच कळेना. पोलीस आले, दारातून विचारू लागले, "कोण हे? कुठले?"

चुलीपुढच्या म्हातारीनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"जेवतत. जरा थांबा."