दहा ओळींचं टेबल

"आणि ही सही मी कशासाठी करायची?"

डुंबरे सरांनी हातातला कागद अजून वाचलाही नव्हता. मांडीवर सूप, सुपात पावटा. किडका दाणा दिसला की ते तो उचलून बाजूला टाकत.

"आधी वाचा तरी, सर," निशिकांत तांबे म्हणाला. "मग विचारा."

जुन्नरजवळच्या एका बीजसंग्रहात देशी वाणांच्या बियांची दहा लाख पाकिटं आहेत. प्रत्येक पाकिटाला नंबर आहे. त्या नंबरांचा डेटाबेस डुंबरे सरांनी उभा केला आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते घरी आले. तांबे त्यांचा सर्वांत जुना शिष्य. तो हे स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

सरांनी अर्ज वाचला. चारच ओळी होत्या. हरवलेली पाकिटं शोधण्यासाठी डेटाबेसला विचारायची जी क्वेरी कुमारी रेवती औटी यांनी स्वतःची म्हणून सादर केली, ती डुंबरे सरांच्या जुन्या वहीतून उचललेली आहे. सबब सोमवारच्या बैठकीत त्यांना विभागप्रमुख करू नये.

खाली सरांचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. सहीपुरती जागा सोडली होती.

"वहीत आहे ती क्वेरी?" सरांनी विचारलं.

"आहे. पान चाळीस."

"वही मी कुणासाठी लिहिली होती?"

"आमच्यासाठी."

"तू वाचली होतीस?"

"चाळली होती…"

सरांनी एक दाणा उचलला, बघितला आणि परत सुपात ठेवला. तो चांगला निघाला होता.

तांब्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बारा वर्षं त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसायचं आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलीने ती न्यायची, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. गेल्या सभेत अध्यक्षांनी रेवतीचं नाव घेतलं. चहावाल्याचंही घेतलं. तांब्याचं नाही.

"मला सहन होत नाही, सर," तो म्हणाला. "खरं सांगतो. ती शेजारच्या टेबलावर हसली तरी माझ्या पोटात दुखतं. डबा उघडला की आधी तिच्या डब्यात काय आहे ते बघतो. लाज वाटते… पण बघतो."

सरांनी सूप थोडं हलवलं.

"हे पहिल्यांदा नाही," ते सावकाश म्हणाले. "तिच्या आधी कुटे होता."

"कुट्याची गोष्ट वेगळी."

"त्याच्या आधी फडतरे."

"ते दोघं गेले, सर. सोडून गेले. आता ही एकच आहे. ही बाजूला झाली की मी शांत."

"फडतऱ्याच्या वेळी याच ओट्यावर बसून हेच म्हणाला होतास."

तांब्याने मान फिरवली. अंगणात एक कोंबडी सरांनी टाकलेले किडके दाणे टिपत होती. तिला सगळे सारखेच.

"बरं," सर म्हणाले, "मला क्वेरी समजावून सांग. चार वर्षं झाली, विसरलो असेन."

सर काही विसरत नाहीत हे तांब्याला ठाऊक होतं. पण विचारलं कामातलं, म्हणून तो खुलला. सावरून बसला.

"हरवलेलं पाकीट डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, नसतं, सर. जे नाहीच ते टेबलाला विचारून कसं कळणार? म्हणून आधी एक ते दहा लाख, सगळे आकडे क्वेरीतच तयार करायचे. मग त्यांच्याशेजारी पाकिटं मांडायची. ज्या आकड्यासमोर काही आलं नाही, ते पाकीट हरवलं."

"आकडे तयार कसे करायचे?"

"माझी रीत सरळ आहे. पहिला आकडा मी देतो. एक. पुढचा त्याला विचारतो, तू किती? तो म्हणतो, एक. मग मी एकाने जास्त, दोन. तिसरा दुसऱ्याला विचारतो, चौथा तिसऱ्याला…"

"आणि दहा लाखावा?"

"तो त्याच्या आधीच्याची वाट बघत बसतो."

"आणि आधीचा?"

"त्याच्या आधीच्याची." तांबे जरा थांबला. "म्हणून वेळ लागतो. चार मिनिटं."

"रेवतीची?"

तांब्याने ओठ आवळले. "दोन सेकंद."

"कशी?"

"दहा ओळींचं टेबल. शून्य ते नऊ, बस्स. त्याच्या सहा प्रती घ्यायच्या आणि प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी जोडायची. एका प्रतीतून एकक, दुसरीतून दशक, तिसरीतून शतक, असं वरपर्यंत. दहा गुणिले दहा, असे सहा दहा. दहा लाख. शून्यापासून सुरू होतात म्हणून प्रत्येकात एक मिळवायचा. झालं."

बोलता बोलता त्याचा आवाज बदलला होता. काम देखणं होतं आणि ते त्याला कळत होतं. त्याचं दुखणं तेच होतं. समोरचीला काही येत नसतं तर त्याला इतकं झोंबलं नसतं.

"त्यातला आकडा मागच्याला विचारतो का, तू किती म्हणून?"

"नाही. गरजच नसते. ज्याचे त्याचे अंक ज्याच्या त्याच्यापाशी असतात."

"हं…"

सर पुन्हा पावटा निवडू लागले. तांब्याला वाटलं, आता पेन मागतील. त्याने खिशातून काढून तयार ठेवलं.

"तुझ्या रीतीत," सरांनी विचारलं, "आकडे थांबतात कुठे?"

"आपोआप थांबत नाहीत. अट लिहावी लागते. दहा लाख झाले की थांब."

"नाही लिहिली तर?"

तांबे हातातलं पेन फिरवू लागला. कोंबडी ओट्याच्या पायरीवर चढली. सरांनी तिला हाकललं नाही.

"गेल्या महिन्यात राहून गेली होती," तो शेवटी म्हणाला. "घाई होती. तिच्याआधी निकाल द्यायचा होता मला. दहा लाख कधीच मागे पडले आणि क्वेरी चालूच. डिस्क भरली. दुपारभर सगळ्या विभागांची कामं अडली. बी मागायला आलेली माणसं रांगेत उभी."

"मग?"

"रेवतीने बंद केली. तिच्या संगणकावरून."

"अध्यक्षांना सांगितलं तिने?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, सर." तांब्याचा आवाज चिरकला. "मला एवढंच म्हणाली, तांबे सर, होतं असं. आरडाओरडा केला असता तरी चाललं असतं. हे जास्त लागलं…"

त्याने पेन पुढे केलं.

"करा सही. एवढी एकदाच. तुमच्या सहीने तिचं नाव कायमचं जाईल आणि माझं हे जळणं थांबेल."

सरांनी सूप खाली ठेवलं. हात धोतराला पुसले. पेन घेतलं. टोपण काढलं.

तांबे पुढे सरकला.

सरांनी अर्ज वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. सहीच्या जागेपाशी क्षणभर थांबले. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं.

"काय शोधताय, सर?"

"थांबायची अट…" सर म्हणाले. "लिहायची राहिलीय वाटतं."