कुसळवाडीचा घडा

एका राज्याच्या दफ्तरात अंतोबा नावाचा एक कारकून होता. अक्षर सुरेख, डोकं तल्लख, आणि त्याचा त्याला गर्वही थोडाथोडका नव्हता.

त्या साली राज्यात पटकीची साथ आली. माणसं पटापट मरू लागली. राजाने दवंडी पिटवली, की प्रत्येक गावाने आपल्या विहिरीच्या पाण्याचा एक घडा, वर गावाचं नाव लिहून, राजधानीत पाठवावा. राजवैद्य पाणी तपासतील, आणि ते खराब निघालं तर विहीर बंद करून त्या गावाला औषधाची गाडी धाडतील. गावं एकशे चाळीस आणि प्रत्येक गावाचे हुकूम तीन: पाणी तपासण्याचा, विहीर बंद करण्याचा आणि गाडी धाडण्याचा. कारकुनांनी कपाळाला हात लावला.

अंतोबाने एक लाकडी ठसा कोरून घेतला. त्यावर तिन्ही हुकूम एकाखाली एक होते, फक्त गावाच्या नावाची जागा कोरी. कागदावर ठसा मारायचा, आलेल्या घड्यावरचं नाव कोऱ्या जागेत भरायचं, की झालं. महिन्याचं काम चार दिवसांत उरकलं. राजाने खूश होऊन त्याला शाल दिली.

म्हाताऱ्या दफ्तरदारांना, विसाजीपंतांना, मात्र चैन पडेना. "अंतोबा, गावांच्या यादीशी एकदा ताडून बघा," ते म्हणाले.

"यादी कशाला, पंत? घड्यावर नाव आहेच. एकही हुकूम अडलेला नाही."

ते खरंच होतं. निघालेला प्रत्येक हुकूम तडीस गेला होता. अंतोबाची धाकटी बहीण सगुणा कुसळवाडीला दिलेली होती. त्या गावाचा हुकूम काही त्याच्या हातून गेला नव्हता. म्हणजे तिकडे साथ पोचलीच नसणार, म्हणूनच घडाही आला नसणार, असं त्याने मनाशी धरलं आणि त्याला बरं वाटलं.

आठवड्याने शाल खांद्यावर टाकून तो बहिणीकडे गेला. वेशीत कुणी दिसेना. एकाही घरातून धूर निघत नव्हता. अंतोबा धावतच बहिणीच्या घरी पोचला.

सगुणाच्या उंबऱ्याशी एक भरलेला घडा होता. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं, वर चुन्याने गावाचं नाव लिहिलेलं. अक्षर त्याने ओळखलं. लहानपणी त्यानेच तिच्याकडून ते गिरवून घेतलं होतं.

ओट्यावर तिचा सासरा भिंतीला टेकून बसला होता. घरात तो एकटाच उरला होता.

"दवंडी झाली त्याच दिशी तिनं घडा भरला," म्हातारा म्हणाला. "पर न्यायला गावात धड मानूसच न्हवता. ती म्हनायची, घडा दिसला न्हाई म्हंजी दादा इचारंल."

अंतोबा शालीत तोंड खुपसून रडला.

दफ्तरात परतल्यावर त्याने यादी काढली. कुसळवाडी पहिल्याच पानावर होती. घडा न आलेली आणखी सहा गावं निघाली. त्याच दिवशी सहा गाड्या सुटल्या. सहाही गाड्या भरल्या तशाच परत आल्या, कारण औषध घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: जे समोर आलं तेवढ्याचंच काम चोख करून भागत नाही; कोण आलं नाही ते आधी मोजावं. ज्याच्यावर सर्वांत मोठं संकट असतं, त्याच्यात हाक मारायचंही बळ उरत नाही.