आगगाडीचा मुजरा

"यंदाच्या दसऱ्याला आम्ही आगगाडीसाठी थांबणार नाही! आगगाडीनं आम्हांला मुजरा करायचा आणि मगच पुढं जायचं!" जांभुळगड संस्थानचे श्रीमंत तुळाजीराव गरजले, आणि दरबारात उभ्या असलेल्या सटवाजीनं हात जोडले.

सटवाजी म्हणजे रेल्वे फाटकावरचा गडी. सारं दुखणं त्या फाटकाचं. कंपनीनं रूळ टाकले ते नेमके राजवाडा आणि शिलंगणाचा माळ यांच्या मधून. दसऱ्याला महाराज हत्तीवरून सोनं लुटायला निघत, आणि मेल यायची ती त्याच वेळी. गेल्या दसऱ्याला महाराज बंद फाटकापाशी ताटकळले, आणि थर्ड क्लासातली माणसं शेंगा खात त्यांच्याकडं टकामका बघत गेली. ते महाराजांना वर्षभर झोंबत होतं. आता मुहूर्त पुढं ढकलायला जोशीबुवा तयार नाहीत, कारण मुहूर्त पंचांगात छापलेला. गाडी मागं घ्यायला कंपनीचा साहेब तयार नाही, कारण ती टाइमटेबलात छापलेली. कुठंच छापलेला नव्हता तो एकटा सटवाजी!

"सरकार, गाडी माझं कुठं ऐकती?" तो काकुळतीला आला.

"नाही ऐकत? मग संस्थान सोडून चालता हो!"

सटवाजी तसाच स्टेशनात धावला. गाड्यांची ये-जा बघणारे कंपनीचे बडे साहेब, डॉकिन्स, खुर्चीवर पाय पसरून चहा घेत होते. त्यांनी अर्धंच ऐकलं. "मेल फाटकपर रुकेगा नहीं! फाटक खुला मिला तो नौकरी खतम, चौकी खाली!"

फाटकाशेजारची चौकी म्हणजे एक खोली. सटवाजीची बायको साळू हिनं ती शेणानं सारवून, कौलांवर दोडक्याचा वेल चढवून घरासारखी केली होती. लग्नापासून दोघं खडी फोडत रुळांबरोबर गावोगाव हिंडली होती. डोक्यावर छप्पर आलं ते इथं.

"फाटक लावलं तर गाव जातंय, उघडं ठेवलं तर घर!" सटवाजी डोक्याला हात लावून बसला. "काय करू, साळे?"

संध्याकाळची मेल येत होती, आणि साळू रोजच्यासारखी दारातून बघत होती. पण आज ती बघता बघता मध्येच हसली. गाडी गेल्याबरोबर तव्यावरची भाकरी तशीच टाकून तिनं राजवाडा गाठला.

"महाराज, यंदा गाडी मुजरा करील! पर येक इचारू? फौज सलामी देती, तवा चालतं कोण, आन् उभं कोण ऱ्हातं?"

"फौज चालते. राजा उभा राहतो." महाराजांनी नकळत पाठ ताठ केली.

"आन् मधी कुणी कडमडू नये म्हणून आडवी दोरी बांधत्यात का न्हाई?"

"बांधतात."

"मग आमचं फाटक म्हंजी तीच दोरी की! औंदा महाराजांनी गाडीच्या आधी यावं आन् हत्तीवरनं सलामी घ्यावी. गाडी मुजरा न करता गेली, तर आमी नवरा-बायकू त्याच पावली संस्थान सोडू!"

दसऱ्याला महाराज लवाजम्यासह आधीच येऊन अंबारीत मांड ठोकून बसले. सटवाजीनं फाटक लावलं. साळू पदर खोचून हत्तीपाशी उभी राहिली.

लांबच्या खांबावरचा सिग्नलचा हात खाली झुकला.

"वाकला, महाराज! मुजऱ्याला हात खाली गेला!" साळू ओरडली.

फाटक जवळ आल्यावर ड्रायव्हरनं शिट्टी फुंकली. "ही ललकारी!" साळू म्हणाली. शिट्टीनं हत्ती दचकला आणि सोंड वर करून त्यानं चीत्कार केला. फर्स्ट क्लासच्या खिडकीत दौऱ्याहून परतणारे डॉकिन्स साहेब बसले होते. आपल्याला हत्तीनं सलाम केलेला पाहून त्यांनी खुशीत टोपी काढली.

"साहेबाची टोपी उतरली!" महाराज हर्षानं अंबारीतून पडता पडता राहिले. शेवटच्या डब्यातून गार्डानं झेंडा हलवला, आणि महाराजांनी मिशीवर ताव दिला.

दुसऱ्या दिवशी साळू-सटवाजीला दरबारात बोलावलं. साडीचोळीचं तबक पुढं येतंय, तोच डॉकिन्स साहेब बूट वाजवत आत आले. "राजासाहब, बहुत मेहरबानी! आप हाथी लेकर हमको सलाम देने आया!"

तबक जागच्या जागी थबकलं. महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. सटवाजीनं मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला घेतली.

"साळू!" महाराज कडाडले. "खरं सांग! मुजरा कुणी कुणाला केला?"

साळूनं मान खाली घातली नाही. "महाराज, तुमच्या दरबारात मुजरा करनारा मुजरा करतो आन् पुढनं निघून जातो. घेनारा जागचा हालत न्हाई. काल निघून कोण गेलं, आन् जागंवर कोण हुतं?"

महाराज असे खदखदून हसले की पगडी कानावर आली. दरबार हसला. महाराज हसताहेत म्हणून साहेबही हसले, आणि दिवाणजींना विचारू लागले, "औरत क्या बोला?"

"म्हणते, साहेब फार मोठे आहेत!" दिवाणजी गंभीरपणे म्हणाले.

"माग, पोरी, काय हवं ते माग!" महाराजांनी डोळे पुसले.

"फाटक लागलं की ताटकळनारी मानसं माझ्या नवऱ्याला शिव्या घालत्यात, महाराज. तिथं सावलीला येक पार बांधून द्या."

"दिला!"

पार बांधला गेला. मग फाटक लागलं की बाजाराला निघालेली माणसं त्यावर ऐसपैस बसत, आणि कुणी विचारलंच की का बसलाय, तर मिशीवर ताव देऊन सांगत, "सलामी घेतोय!"