टीव्हीचा सत्कार

‘ताईनंतर मुलांना कोण शिकवणार?’ माझी बहीण रेवती गावच्या शाळेतली एकुलती शिक्षिका होती. ती वारल्यावर मी सगळ्या कचेऱ्यांत हेच विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही. नवी इमारत आणि मोठा टीव्ही मात्र आला.

उद्घाटनाला आलेले सभापती म्हणाले, “आता शाळेला काय कमी आहे?”

त्यांच्यासाठीचं शाल-श्रीफळ माझ्या हातात होतं. मला राहवलं नाही. मी शाल टीव्हीला पांघरली.

“अरे, हे काय?”

“साहेब, पहिला मान गुरुजींचा. शिकवायला इथं हाच तर आहे!”

मुलं खिदळली. सभापतींनी ओशाळून तिथूनच फोन लावला.

आठवड्यात नव्या बाई आल्या. त्यांना राहायला जागा नव्हती. मी खुंटीवरची ताईची साडी उतरवली आणि तिची खोली त्यांना दिली.