वांग्यासारखी घागर

एकदा एका उजाड पठाराच्या पायथ्याशी एक धर्मशाळा होती, आणि तिच्या लांबलचक भिंतीवर एक नकाशा होता. तो कोण्या राजाने काढवून घेतलेला नव्हता. पठार ओलांडून आलेला वाटसरू हातपाय धुवून, दोन घास खाऊन झाले की गेरूची वाटी आणि कुंचला घेऊन भिंतीशी जाई आणि वाटेत जे नवे दिसले ते आपल्या हाताने तिथे मांडी. कुणी पायवाट काढी, कुणी मुक्कामाचे झाड, कुणी ढासळलेली दरड. अशा शेकडो हातांनी तो नकाशा वाढत गेला होता. त्याला मालक नव्हता, फक्त एक राखणदार होता. त्या वृद्ध गृहस्थाला सगळे आप्पा म्हणत.

आता भिंत काही कुणाला पाठीवर टाकून नेता येत नाही. म्हणून धर्मशाळेत भिकोबा नावाचा एक नक्कल उतरवणारा असे. पठारावर निघालेला माणूस त्याच्यापुढे येऊन बसला की तो विचारी, "काय उतरवू? पाणी, मुक्काम का चारा?" मागणारा जे मागेल तेवढीच खूण तो भिंतीवर शोधी, आणि जिथे जिथे ती दिसेल तिथली जागा एका कापडी पट्टीवर उतरवून देई. त्या पट्टीच्या भरवशावर माणसे जनावरांसह, लेकराबाळांसह पठार चढत.

पाण्याची खूण होती घागर. ती पहिल्यांदा कुणी काढली हे कुणालाच ठाऊक नव्हते, पण त्या माणसाला चित्रकलेचे अंग नव्हते एवढे नक्की. एका बाजूला कललेली, पोट फुगलेली, वर देठासारखी मान. नवखा माणूस तिला वांगेच म्हणे. तरी पुढच्यांनी तशीच काढली, त्यांच्या पुढच्यांनीही तशीच काढली, आणि पठारभर जिथे पाणी तिथे वांगे असा कारभार सुरळीत चालला होता.

आजच्या वाचकाला याचे नवल वाटायला नको. आपल्या फोनमध्येही आता असे नकाशे आहेत, ज्यांत तुम्ही-आम्ही कुणीही भर घालू शकतो. मोठी चांगली गोष्ट आहे. पण तिथे एकजण दवाखान्याला 'दवाखाना' म्हणून नोंदवतो, दुसरा 'आरोग्यधाम', तिसरा आपली प्रतिभा दाखवायला 'व्यथामुक्ती केंद्र'. मग पोटात कळा येणारा माणूस दवाखाना शोधू लागला की फोन म्हणतो, जवळपास एकच आहे. असो. आपण भिंतीकडे वळू.

आप्पांकडे रेवण नावाचा एक तरुण शिकायला आला. त्याचा हात विलक्षण होता. त्याने एक रेघ ओढली की पाहणारा थांबे. शिवाय तो नुसता हाताचा धनी नव्हता, पायांनीही कष्टाळू होता. पठाराच्या मधल्या भागाची भिंत कोरीच होती, कारण तिकडून कुणी जात नसे. रेवण हिवाळाभर तो भाग पायाखाली घालून आला, आणि त्याला तिथे पाणी सापडले. एका जागी नव्हे, चांगले सात-आठ ठिकाणी. झरे होते, खडकात कोरलेली टाकी होती, एक खोल पायऱ्यांची विहीरही होती.

परत आल्यावर त्याने भिंतीला शिडी लावली. वांगे काढायचे त्याच्या जिवावर आले. त्याने झऱ्यासाठी उमलते कमळ काढले. जिथे पाणी उथळ आहे आणि जनावराला सहज तोंड घालता येते, त्या टाक्यांसाठी मान झुकवलेले हरीण काढले. विहिरीसाठी उतरत्या पायऱ्यांची नाजूक चौकट काढली. त्याने काढलेले प्रत्येक चिन्ह विचारपूर्वक केलेले होते आणि देखणे होते. आसपासच्या गावांतली माणसे नुसती भिंत पाहायला येऊ लागली.

आप्पांनी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली.

"हात सुरेख आहे तुझा," ते म्हणाले. "आणि काम मोलाचं केलंस. पण रेवण, घागर कुठे आहे?"

रेवण हसला. "आप्पा, तिला घागर तरी कोण म्हणेल? आणि झरा, टाकं, विहीर, सगळ्यांना एकच वांगं? माझी चिन्हं पाहिली की ज्याला डोळे आहेत त्याला समजेल."

"बरं," आप्पा म्हणाले. "वाट चालणारं माणूस येऊ दे. मग बोलू."

रेवणला हे बोलणे जरा लागले. उतारवयात माणसे जुन्याला चिकटतात, असे मनाशी म्हणून त्याने शिडी उचलली.

चैत्र सरत आला आणि मायाक्का नावाची धनगरीण आपला वाडा, म्हणजे मेंढरांचा सगळा कळप, घेऊन धर्मशाळेत उतरली. पठारापलीकडे तिच्या माणसांचा मुक्काम होता, चारा होता. पठाराला वळसा घालून नदीकाठाने जायचे तर वाट फार लांबची. मधून सरळ गेले तर थोडक्यात काम होते, पण वाटेत पाणी हवे. यंदा तिच्या मेंढ्या नुकत्याच व्याल्या होत्या, आणि कोकरांच्या पायांत अजून बळ नव्हते. तिने भिकोबाकडून पाण्याची पट्टी उतरवून घेतली.

आप्पा आणि रेवण नदीवरून परत आले तेव्हा अंगणात एक खाटीक उभा होता. मायाक्का एकेक कोकरू उचलून त्याचे पाय चाचपत होती. जे लांबचा पल्ला चालू शकेल ते एका बाजूला, जे चालू शकणार नाही ते खाटकाच्या दोरीला. दोरीकडची कोकरे जास्त होती. त्यांच्या आया पलीकडून ओरडत होत्या. मायाक्का रडत नव्हती, पण कोकरू दोरीला देताना दर वेळी तोंड फिरवत होती.

"आक्का, हे काय करता?" रेवणने विचारले. "मधल्या वाटेनं जा ना. दोन मुक्कामांत पलीकडे पोचाल."

"आन् पानी रं लेकरा?"

"पाणी? मधल्या वाटेवर पाणीच पाणी आहे!"

तिने कमरेची पट्टी काढून त्याच्यापुढे धरली. "दाव मला."

रेवणने पट्टी पाहिली. कडेकडेने वांगी होती. मधला भाग कोरा करकरीत होता. त्याचा रागाने तोल गेला. तो तरातरा भिकोबाकडे गेला.

"भिकोबा, तुम्हाला दिसत नाही का? भिंतीवर एवढी हरणं काढलीत ती दिसली नाहीत?"

"दिसली की," भिकोबा शांतपणे म्हणाला. "लई ग्वाड काढलीत."

"मग?"

"मग काय? बाईनं पानी मागितलं. म्या घागरी हुडकल्या. तितं घागर न्हाई, हरनं हाईत. म्या म्हनलं, हितं हरनं लई दिसत्यात. आन् हरनं आली म्हंजी मागनं वाघ आलाच. म्हून तर बाईला सांगितलं, मधनं जाऊ नगंस, कोकरं हाईत संगं."

"आणि कमळ?"

"द्येऊळ आसंल म्हनलं."

रेवणच्या आता ध्यानात आले. ज्या खुणेने मायाक्काला वाट दाखवायची, तीच तिला वाटेवरून माघारी फिरवत होती. तो आप्पांकडे वळला. "आप्पा, मी भिकोबांना आजच्या आज माझी सगळी चिन्हं शिकवतो. मग असं होणार नाही."

आप्पा सरळ अंगणात गेले. ते खाटकाला म्हणाले, "बाबा, जरा दम धर. दोरी सोड." मग मायाक्काला म्हणाले, "आक्का, घटकाभर तुझी मेंढरं अंगणात मोकळी होऊ देत." आणि ती पांगल्यावर रेवणला म्हणाले, "आता त्यांना बोलाव."

"मी?"

"तू. तुला येईल तितक्या गोड शब्दांत बोलाव."

जिवावर बेतलेल्या प्रसंगी हा काय पोरखेळ, असे रेवणला वाटले. पण गुरूची आज्ञा होती. त्याने आवाजात सगळे मार्दव आणून हाका मारल्या. "या ग बायांनो, या. इकडे या, माझ्या सोन्यांनो." एका मेंढीने मान वर केली, त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा भिंतीकडेचे गवत ओढू लागली. खाटीकसुद्धा हसला.

"आक्का, आता तू."

मायाक्काने टाळूला जीभ लावून घशातून एक खरखरीत आवाज काढला. त्याला शब्द म्हणावे असे काही नव्हते. ऐकायला तो बरा मुळीच नव्हता. पण पांगलेली सगळी मेंढरे एकदम वळली आणि धावत येऊन तिच्याभोवती गोळा झाली. दोरी सुटलेली कोकरे आयांच्या पोटाखाली शिरली.

"आक्का, ही हाक तुला कुणी शिकवली?" आप्पांनी विचारले.

"शिकवतंय कोन? आजा आसाच आरडायचा, बा आसाच आरडायचा. दुसऱ्या वाड्यातलं मेंढरू इकत आनलं तरी ते बी ह्याच हाकंला येतं. समदं धनगर आसंच आरडत्यात."

"बदलावीशी नाही वाटली? जरा गोड करावी?"

"गोड करून काय करू आप्पा? मेंढरू आलं पायजे न्हवं?"

आप्पा रेवणजवळ येऊन बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"तुझी हाक अधिक गोड होती, रेवण. पण ती फक्त तुझी होती. हिची हाक ठरलेली आहे. तू म्हणतोस भिकोबाला तुझी चिन्हं शिकवीन. शिकव. पण पठाराच्या पलीकडेही एक धर्मशाळा आहे, तिथला नक्कलकार वेगळा. भिकोबानंतर दुसरा कुणी येईल. उद्या तुझ्यासारखाच एखादा गुणी मुलगा येईल आणि पाण्यासाठी मोर काढील, कारण त्याला मोर आवडतो. त्या सगळ्यांच्या घरी तू शिकवायला जाणार आहेस का? या भिंतीला मालक नाही. इथे मीदेखील कुणाला हुकूम देऊ शकत नाही. जिथे हुकूम देणारा कुणी नसतो, तिथे एकमेकांचं ऐकणं एवढाच आधार असतो. ती कललेली घागर म्हणजे न भेटलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. ती तू सुबकपणासाठी मोडलीस."

रेवणची मान खाली गेली. तरी तो मनात आलेले बोललाच, आणि आप्पांना त्याचे हेच आवडे. "पण आप्पा, नुसत्या घागरीनंही भागत नाही. त्या विहिरीत पाणी इतकं खोल आहे की मेंढरं काठावर तहानेनं मरतील. तिथे घागर पाहून आक्का गेल्या असत्या तर?"

"मग तुझं हरीण पुसायला मी कुठे सांगितलं?" आप्पा म्हणाले. "ते हिवाळाभर चालून मिळवलेलं ज्ञान आहे, ते राहिलंच पाहिजे. फक्त त्याच्या आधी घागर काढ. जे सापडलंच नाही ते कितीही बारकाईनं लिहिलेलं असलं तरी वाया जातं. आधी सापडू दे, मग समजू दे."

रेवण उठला. त्याने शिडी लावली, गेरू कालवला. पहिल्या हरणाशेजारी तो घागर काढू लागला तेव्हा त्याचा हात सवयीने ती सरळ करू पाहत होता, पोट आत घेऊ पाहत होता. तो थांबला. मग मुद्दाम, जपून, त्याने ती कलती काढली, पोट फुगवले, वर देठासारखी मान काढली. एवढे वाईट चित्र त्याने आयुष्यात काढले नव्हते, आणि एवढ्या काळजीनेही नव्हते.

भिकोबाने नवी पट्टी उतरवली. मधल्या कोऱ्या भागात घागरी आल्या, आणि त्यांच्या शेजारची चिन्हेही. मायाक्काने बोटाने एकेक घागर मोजल्यासारखी केली आणि विचारले, "ह्यातल्या कंच्या पान्याला मेंढरू तोंड लावंल?"

"जिथे शेजारी हरीण आहे तिथे," रेवण म्हणाला. "शेजारी पायऱ्यांची चौकट आहे तिथे थांबू नका."

"आन् वाघ?"

"वाघ भिकोबांच्या डोक्यात आहे, आक्का."

ती मोठ्याने हसली. त्या दिवसातले ते तिचे पहिलेच हसणे. खाटीक रिकामी दोरी गुंडाळत निघून गेला, आणि ऊन कलताच मायाक्का सगळी कोकरे घेऊन मधल्या वाटेने पठार चढली. धर्मशाळेतून तिची ती खरखरीत हाक बराच वेळ ऐकू येत होती.

पुढच्या हिवाळ्यात रेवण एकदा भिंतीवरची धूळ झटकत असताना थबकला. त्याने कधीही पाय न ठेवलेल्या उत्तरेच्या टोकाला कुणा अनोळखी वाटसरूने एक नवी घागर काढली होती. आणि तिच्या शेजारी एक प्राणी होता. चार पाय, जाडजूड पोट, मान खाली. तो शेळीसारखा दिसत होता. नीट पाहिले तर कुत्र्यासारखाही. रेवणने बऱ्याच वेळाने ओळखले, ते त्याचे हरीण होते. न भेटलेल्या कुणीतरी ते वाचले होते, त्याचा अर्थ घेतला होता आणि पुढच्यांसाठी तसेच मांडले होते.

त्याचा हात कुंचल्याकडे गेला. दोन रेघांत ती मान डौलदार झाली असती.

मागे आप्पा उभे होते. 

रेवणने कुंचला पाण्यात धुतला आणि जागच्या जागी ठेवून दिला. "राहू दे, आप्पा," तो म्हणाला. "आता ते माझं नाही."

आणि त्यापुढे जेव्हा जेव्हा त्याला उथळ पाणी सापडले, तेव्हा त्याने घागरीशेजारी हरीण काढले ते तसेच काढले, जरासे शेळीसारखे.