शून्य तक्रारी

“एकही तक्रार नाही म्हणजे लोक सुखी आहेत, यात चूक काय आहे, महाराज?”

विक्रांत डोंगरदिवे लहानपणी याच मठात शिकला होता. आता तालुक्याचा अधिकारी झाला होता. पाण्याच्या टँकरची मागणी फक्त मोबाइलवरून नोंदवायची, ही योजना त्याचीच. तिला बक्षीस जाहीर झालं, म्हणून तो पाया पडायला आला होता.

कृपाळगीर महाराजांनी पाय मागे घेतले.

“योजना ठरवताना कुणाला विचारलंस?”

“सगळ्यांना. सरपंच, ग्रामसेवक, टँकरवाले, कंपनीची माणसं. सगळ्यांनी होकार दिला.”

“आणि ठाकरवाडीनं?”

“वाडीच्या वतीनं सरपंच होते ना.”

महाराज उठले. विक्रांत मागोमाग गेला.

मठामागच्या विहिरीवर वाडीतल्या बायका हंडे भरत होत्या. महाराज एका म्हातारीपाशी थांबले.

“भिवराबाई, हे टँकरचे साहेब.”

“वाडीत टँकर येतच न्हाई, साहेब,” ती म्हणाली.

“टँकर येत नाही, तर तक्रार का केली नाही?” विक्रांतने विचारलं.

“कुनाकडं?”

“मोबाइलवर.”

“वाडीत रेंज न्हाई. कचेरीत गेलो, तर म्हनाले, आता आमच्या हातात काय न्हाई.”

“मग सरपंचांना सांगायचं.”

“त्यांच्या दारात नळ हाय, साहेब.”

तिने दोर हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“सून पोटुशी होती. इथवर चालवंना, म्हून दरीतल्या झऱ्यावर गेली पान्याला. घसरली...”

भिवराबाईने दोराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

“पोर गेलं.”

बाकीच्या बायकांचे हात थांबले. विक्रांतचा चेहरा उतरला. मग तो महाराजांकडे वळला. आवाज चढला होता.

“याचा दोष माझ्या माथी मारणार तुम्ही? मी रात्रंदिवस राबलो. आधीचे साहेब तर आळशी. लोक भर रस्त्यात त्यांची जीप अडवायचे, तोंडावर शिव्या घालायचे. मला आजवर कुणी उणा शब्द बोललेलं नाही.”

“जीप अडवली की दुसऱ्या दिशी टँकर यायचा,” भिवराबाई म्हणाली आणि पोहरा विहिरीत सोडला.

महाराज ताडकन त्याच्याकडे वळले. इतक्या वर्षांत विक्रांतने त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

“त्या साहेबापर्यंत शिव्या तरी पोचत होत्या, विक्रांत.”